रहस्यपटाची श्रेयनामावली पुढे सरकवावी का?

रामबागेतील प्रेक्षक:
आपल्या इंदूरच्या मराठी चित्रपटप्रेमींच्या गटावर परवा एका सभासदांनी लिहिले की थरारपटाच्या सुरुवातीची नावे म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा आहे, घरी ते ती सरळ पुढे सरकवतात, कारण गोष्ट पहिल्या प्रसंगापासून सुरू होते. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. रहस्यपटातली ती दोन-तीन मिनिटे प्रेक्षकाच्या मनात संशय पेरण्यासाठी असतात. त्या वेळात माहिती फारशी हाती लागत नाही, पण कशाची धास्ती घ्यायची ते मात्र मनात पक्के बसते.

१९९५चा ‘सेव्हन’ घ्या. काइल कूपर यांनी केलेल्या त्या नामावलीत ब्लेडने बोटांची कातडी तासणारे, वह्या सुईदोऱ्याने शिवणारे, छापील ओळी खोडणारे हात दिसतात आणि चेहरा कुठेच दिसत नाही. अक्षरे ओरखडून काढल्यासारखी थरथरत असतात. पोलिसांना खुनी सापडण्याच्या कितीतरी आधी आपण त्याच्या टेबलापाशी बसून आलेलो असतो. शिवाय खुन्याची भूमिका करणाऱ्या नटाचे नाव सुरुवातीला मुद्दाम दिलेले नाही, ते थेट शेवटी येते. कोणते नाव दडवायचे, हाही तिथे रहस्याचाच भाग झाला. ही नामावली ज्याने पुढे सरकवली, त्याने पहिला पुरावाच पाहिला नाही.

मूळ मत मांडणारे:
आपण सोयीचे एक उदाहरण उचललेत आणि त्यावर मला नापास केलेत. मग १९५८च्या ‘टच ऑफ ईव्हिल’चे काय करायचे? ऑर्सन वेल्स यांनी मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जाताना दाखवला आणि पुढे तीन मिनिटांहून अधिक काळ एकदाही न तोडता कॅमेरा सीमेवरच्या त्या गावातून फिरवला. स्टुडिओने नेमकी त्याच दृश्यावर नावे चढवली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत वाजवले. बॉम्ब असलेली मोटार कुठे पोचली हे पाहायचे, की तंत्रज्ञांची नावे वाचायची? स्टुडिओच्या फेरफारांवर वेल्स यांनी लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८ साली वॉल्टर मर्च यांनी नवे संकलन केले, तेव्हा ती नावे तिथून काढली आणि रस्त्यावरचे आवाज ऐकू आले. थरार वाढला तो नावे गेल्यामुळे.

आपल्याकडे तर आधी प्रमाणपत्र, मग तंबाखूविरोधी सूचना, मग आभारांची लांबलचक यादी. गेल्या महिन्यात आईला घेऊन गेलो होतो. ती यादी चालू असताना मोबाइलच्या उजेडात खुर्ची शोधणाऱ्या एका गृहस्थांनी तिच्या सुजलेल्या पावलावर पाय दिला. मध्यंतरापर्यंत ती कण्हत होती. एवढे सोसून त्या नावांत कोणती कला पाहायची?

निवृत्त ऑपरेटर:
पाय तुडवला गेला तो उशिरा येणाऱ्यामुळे, त्याचा राग नामावलीवर काढू नये. मी इथल्याच एका टॉकीजमध्ये आयुष्यभर मशीन चालवले. लोक समोसे घेऊन सावकाश आत येत, म्हणून नावे संपेपर्यंत दिवे मालवायचे नाहीत, असा मालकांचा हुकूम होता. एका रहस्यपटात नावांच्या मागे खुंटीवर टांगलेली किल्ली दिसत असे आणि शेवटच्या रिळात सगळा उलगडा त्या किल्लीपाशी येत असे. दिव्यांच्या उजेडात पडदा इतका फिका पडे की ती किल्ली कोणाला दिसतच नसे. खेळ सुटल्यावर लोक जिन्यात विचारत, ‘ही किल्ली मधूनच कुठून आली?’ कार्बनच्या कांड्या बदलताना ते माझ्या कानावर पडे आणि जीव चुटपुटे.

१९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या डब्यांवर ऑपरेटरसाठी चिठ्ठी लावली होती की नावे सुरू होण्याआधी पडदा उघडावा. ती नामावली सॉल बास यांची होती. हे मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले. अशी चिठ्ठी माझ्याकडे आली असती, तर ती मी मालकांसमोर ठेवली असती.

पेंटरांची लेक:
काकांनी सॉल बास यांचे नाव घेतले म्हणून लिहिते. त्यांच्या ‘सायको’च्या नामावलीत करड्या पट्ट्या धावतात, नावे चिरली जातात आणि पुन्हा जुळतात, आणि सोबत बर्नार्ड हरमन यांची केवळ तंतुवाद्ये. हे आपल्या लिपीत कोणी का करीत नाही? माझे वडील टॉकीजचे बोर्ड रंगवत. रहस्यपटाचे नाव लिहिताना ते सगळी अक्षरे आधी काढून घेत आणि शिरोरेषा शेवटी, पट्टी न लावता, श्वास रोखून एका हातात ओढत. तोपर्यंत अक्षरे सुटी, अनाथ दिसत. एकदा त्यांनी मला ‘मेला’ लिहून दाखवले आणि ओली मात्रा बोटाने पुसली. उरले ‘मला’. मी सात वर्षांची होते, रात्री झोपले नाही. एवढा थरार एका मात्रेत असताना आज मराठी रहस्यपटाचे नाव रोमन लिपीत येते, याचा मला संताप येतो.

संकलन शिकणारा:
ताई, भावना समजते, पण नामावलीसाठी निर्माता पैसेच देत नाही. सगळे संकलन संपल्यावर आठवडाभरात ‘काहीतरी कर’ म्हणून सांगतात. २०१७पासून नेटफ्लिक्सवर मालिकांची नामावली वगळण्याचे बटण आले, तेव्हापासून तर ती पाहतो कोण, असेच विचारतात. रोमन अक्षरे तयार मिळतात आणि परप्रांतीयालाही वाचता येतात.

पेंटरांची लेक:
तयार मिळते म्हणून वापरायचे, हे शिकायला संकलनाचा वर्ग कशाला हवा? कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांतून अख्खे नाटक उभे केले, तेही वर्तमानपत्रातल्या वीतभर जागेत. आपण निदान एक शिरोरेषा स्वतःच्या हाताने ओढून पाहा आणि मग पैशांचे बोला.

संकलन शिकणारा:
माझ्या कष्टांची आपल्याला कल्पना नाही, तेव्हा वर्गाबद्दल बोलू नये. मात्रेचे उदाहरण मात्र मी वहीत उतरवून घेतले आहे.

मूळ मत मांडणारे:
वाद लिपीवर गेला आणि माझा प्रश्न तसाच राहिला. नावे दृश्याला मारतात की नाही?

रामबागेतील प्रेक्षक:
वेल्स यांच्या त्या दृश्यावर मारतात, हे मला मान्य करावे लागते, आणि ते मान्य करताना आनंद होत नाही. पण तिथे नावे तयार दृश्यावर बाहेरून चिकटवली होती. ‘व्हर्टिगो’त बाईच्या डोळ्यातून जॉन व्हिटनी यांची ती भोवऱ्यासारखी वळणे फिरत बाहेर येतात, ती नावांसाठीच घडवलेली आहेत. ती काढलीत तर पुढे नायकाला जिन्यावर येणारी घेरी आपल्याला अर्धीच जाणवेल. चिकटवलेले आणि घडवलेले यांना आपण एकाच मापाने मोजता आहात.

मूळ मत मांडणारे:
काल रात्री ‘सेव्हन’ पुन्हा लावला आणि या वेळी बटणाला हात लावला नाही. ते हात पाहून पोटात गोळा आला, एवढे लिहितो. आभारांच्या यादीबद्दलचे माझे मत कायम आहे, आणि आईचे पाऊल अजून उतरलेले नाही.