रुईच्या फुलातले पराग भुंग्याच्या पायाला कसे लागतात?

प्रश्न: शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पाने तोडताना काळ्या भुंग्याच्या पायाला पिवळसर पिशव्यांची जोडी लोंबताना दिसली. ते पराग असावेत काय, आणि मकरंदासाठी आलेल्या कीटकाला ते चिकटतात कसे?

उत्तर १: होय, परागच. रुईचे पराग सुटे उडत नाहीत. ते मेणचट पिशव्यांत एकगठ्ठा असतात आणि त्यांना परागपुंज म्हणतात. फुलाच्या मधल्या पंचकोनी भागाच्या कडेला पाच फटी असतात. मकरंद पिताना भुंग्याचा पाय फटीत सरकतो आणि तो वर ओढला, की तिच्या टोकाचा इवलासा चिमटा दोन परागपुंजांसह पायाला बसतो. पुढच्या फुलाच्या फटीत यातला एखादा पुंज अडकून राहिला, की परागण झाले.

उत्तर २: म्हणजे 'चिकटणे' हा शब्द येथे नेमका नाही, रुई चिमट्याने पकडते. खरा गोंद बहुतेक आमरींकडे (ऑर्किड) असतो, कारण त्यांच्या परागपुंजाच्या बुडाशी चिकट चकती असते आणि ती कीटकाच्या अंगाला डकते.

प्रश्नकर्ता: मग लहान माशीचे काय होत असेल?

उत्तर १: पाय सोडवण्याइतके बळ नसले, तर ती बिचारी तेथेच अडकून मरू शकते.