मदत हवी आहे : अ‍ॅडजेसंट, अ‍ॅडजॉइनिंग, अबटिंग, कंटिग्युअस यांना मराठीत चार वेगळे शब्द

केवडा (रात्री ९.१२)
चार इंग्रजी शब्द वर दिलेत. शब्दकोश उघडला की चौघांपुढे तेच : लगतचा, लागून असलेला, शेजारचा. सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर लिहिणाऱ्याने चार शब्द कशाला वापरले? मला चार वेगळे मराठी शब्द हवेत आणि उद्या दुपारच्या आत हवेत. 'गूगलवर टाकून बघा' असं कृपया कुणी सांगू नका. टाकून झालंय, तिथेही लगतचाच.

फळा_खडू
अ‍ॅडजेसंट म्हणजे संलग्न. भूमितीतले संलग्न कोन आठवा : शिरोबिंदू एक, एक भुजा सामाईक, अंतर्भाग वेगळे. चौकोनाच्या लगतच्या बाजूही एका शिरोबिंदूत मिळतात. म्हणजे एकमेकांना चिकटलेलं असायलाच हवं. कंटिग्युअसचंही तेच. वीस वर्षं शिकवतोय, खात्रीने सांगतो.

शब्दवेल्हाळ
परीक्षा कोणती आहे? जीआरई असेल तर सुटे शब्द पाठ करू नका, धातू धरा. लॅटिनमध्ये टांगेरे म्हणजे स्पर्श करणे. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणारी ती टँजंट, आपली स्पर्शिका. ज्याला हात लागलेला नाही ते इन्टॅक्ट. इंटिजरसुद्धा याच घरातला : न शिवलेला, म्हणून अखंड, म्हणून पूर्णांक! स्पर्शाने पसरणारा तो कंटेजियस, आणि कंटिग्युअस त्याचाच भाऊ. सोबत जक्स्टपोझ करून ठेवा. त्याचा टांगेरेशी संबंध नाही, लॅटिन जक्स्टा म्हणजे जवळ. दोन गोष्टी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यातला फरक डोळ्यांत भरतो.

केवडा
परीक्षा नाही हो. कागदात आलेत हे शब्द.

दप्तरदार
कुठला कागद? जमिनीचा की फ्लॅटचा? पूर्ण वाक्यं टाका. नुसत्या शब्दावरून कोणीही छातीठोक सांगू नये.

केवडा
जमिनीचा. राजापूर तालुक्यातली जमीन आहे. वकिलांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची कागदपत्रं तपासून दिलेला अहवाल, इंग्रजीत आलाय आणि उद्या दुपारी तो दोघा काकांना मराठीतून वाचून दाखवायचाय. त्यांना इंग्रजी येत नाही, आणि समजल्याशिवाय वाटणीपत्रावर सही करणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. वाक्यांचा मतलब असा : हिस्सा १ आणि २ कंटिग्युअस आहेत, ३ त्यांना अ‍ॅडजेसंट आहे, मागचं खळं घराला अ‍ॅडजॉइनिंग आहे आणि १ ची पूर्वेची बाजू ग्रामपंचायतीच्या रस्त्याला अबटिंग आहे.

दप्तरदार
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.
अ‍ॅडजेसंटचा मूळ अर्थ 'जवळ पडलेला'. हद्दीला हद्द लागली असेल किंवा नसेल. मध्ये पाखाडीची पायवाट किंवा ओहोळ असला तरी हा शब्द चालतो. अ‍ॅडजॉइनिंगमध्ये जोड आहे, तिथे मध्ये परकं काही नसतं. अबटिंग म्हणजे कड येऊन भिडणे, रस्त्याच्या संदर्भात हाच शब्द जास्त दिसतो. आणि कंटिग्युअस म्हणजे सलग. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४८ राज्यांना मिळून कंटिग्युअस म्हणतात. अलास्का बाहेर, कारण मध्ये कॅनडा. हवाई तर समुद्रात. आता मेन आणि कॅलिफोर्निया देशाच्या दोन टोकांना आहेत, पण एकाला लागून एक राज्य असं करत चालत गेलात तर कुठे खंड पडत नाही. म्हणून सलग.

फळा_खडू
अ‍ॅडजेसंटबद्दल असहमत. पाठ्यपुस्तक चुकीचं आहे का मग?

दप्तरदार
पुस्तक बरोबरच आहे, सर. तिथे व्याख्या करून अर्थ घट्ट बांधलाय. दस्तात तशी व्याख्या दिलेली नसेल तर शब्द सैलच राहतो. भूमितीतला कोन जमिनीवर आणून चालणार नाही.

संहितापाठ
अवांतर, पण राहवत नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'परः संनिकर्षः संहिता'. वर्णांची अगदी जवळ जवळ स्थिती म्हणजे संहिता, आणि ती असेल तरच संधी होतो. इतका नेमका शब्द घरात असताना शोधत कशाला बसायचं? अ‍ॅडजेसंटला 'सन्निकृष्ट' म्हणा.

गडगेवाली
अहो, काकांना कळायला हवं ना! आमच्या राजापुरात कुणी सन्निकृष्ट म्हणत नाही. केवडाताई, माझं ऐका, शब्द सोडा आणि आधी मोजणी करून घ्या. आमचा हद्दीचा दगडी गडगा दर पावसाळ्यात थोडा ढासळायचा, शेजारी तो परत रचायचे आणि दर वेळी एक चिरा आमच्या बाजूला यायचा. दहा वर्षांत कलम त्यांच्या हद्दीत गेलं. वडिलांनी हाताने लावलेलं हापूसचं कलम होतं ते.

केवडा
वाईट वाटलं वाचून. पण मोजणी झालेली आहे, मला फक्त शब्द हवेत.

दप्तरदार
एक सांगा, २ आणि ३ च्या मध्ये काय आहे?

केवडा
व्हाळ आहे. लहानसाच, उन्हाळ्यात कोरडा पडतो. काठावर फणस आहे आणि मध्ये एक मोठा काळा दगड. बाबा त्याच्यावर पाय देऊन एका उडीत पलीकडे जायचे. इतका सवयीचा आहे की लिहायचं सुचलंच नाही.

दप्तरदार
तर मग तुमचं उत्तर त्या व्हाळातच आहे! १ आणि २ सलग, आणि मध्ये व्हाळ असल्यामुळे ३ ला वकिलांनी वेगळा शब्द घातला. तुम्ही सगळीकडे 'लागून' वाचलंत तर काका समजतील की व्हाळही हिश्श्यात धरलाय, आणि तिथून भांडण सुरू होईल. कंटिग्युअसला सलग म्हणा, अ‍ॅडजॉइनिंगला लागून, अबटिंगला भिडलेली. अ‍ॅडजेसंटला नुसतं 'शेजारचा' नको, 'व्हाळापलीकडचा शेजारचा' असं स्पष्ट वाचा. तरी सकाळी वकिलांना एक फोन करा. पुष्कळजण अ‍ॅडजेसंट सवयीने लिहून टाकतात.

फळा_खडू
व्हाळ आहे म्हटल्यावर माझा आग्रह मागे घेतो. 'सलग' फार चांगला शब्द सुचवलात.

शब्दवेल्हाळ
केवडा, टांगेरेची अजून बारा रूपं लिहून ठेवलीत. टाकू का?

केवडा (दुसऱ्या दिवशी, सकाळी १०.४०)
वकिलांशी बोलले. त्यांनी व्हाळामुळेच अ‍ॅडजेसंट लिहिलं होतं. आता असं वाचणार आहे : 'हिस्सा १ व २ सलग आहेत. हिस्सा ३ व्हाळापलीकडे, त्यांच्या शेजारी आहे. खळं घराला लागून आहे. हिस्सा १ ची पूर्वेची कड रस्त्याला भिडलेली आहे.' आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, "आणि फणस कुठल्या बाजूला धरलाय?" नकाशा घेऊन बसलेय आता.