जुन्या ब्लूज तबकड्यांतले 'आगंतुक' आवाज: काय ऐकू? सुचवा

रातकिडा
परवा रात्री ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) ऐकत होतो, स्किप जेम्स या गायकाचं '२२-२० ब्लूज' लावलं होतं. मध्येच वाटलं, वरच्या मजल्यावर एवढ्या रात्री खलबत्त्यात काय कुटताहेत? हेडफोन काढला, तर सामसूम. लावला की परत धप धप! पियानो वाजवता वाजवता गडी पाय आपटतोय. १९३१, ग्राफ्टन, विस्कॉन्सिन. आता गाणं राहिलं बाजूला, मी पायच ऐकतोय. असं आणखी काही असेल तर सांगा.

सुई_अडकली
पायच हवा असेल तर ब्लाइंड लेमन जेफरसनचं 'हॉट डॉग्ज', १९२७. लेबलवर चक्क 'ब्लाइंड लेमन जेफरसन अँड हिज फीट' छापलंय. पायांना श्रेय! म्हणजे ते आगंतुक नाहीत म्हणा, साथीदारच.

खरा आगंतुक सन हाउस या ब्लूज गायकाच्या १९४१ च्या ध्वनिमुद्रणात आहे. लोकगीतं गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने ते मिसिसिपीत लेक कॉर्मोरंटच्या एका दुकानात केलं, कारण तिथे वीज होती. दुकान रुळांजवळ. कान देऊन ऐका, गाणं चालू असताना आगगाडी जाते. सन हाउस जराही बिचकत नाही.

उंबरठा
गायिका गौहर जान तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगते, तसलंच का हे?

सुई_अडकली
नाही हो, ते मुद्दाम. १९०२ साली तबकड्या जर्मनीत छापायच्या, तिथल्या माणसाला गाणारी कोण ते कळावं म्हणून.

खडूस
गाडीवरून आठवलं. इंडियानातल्या रिचमंडचा जेनेट या तबकडी कंपनीचा स्टुडिओ रुळांना खेटून होता. ब्लूज गायक चार्ली पॅटनने १९२९ मध्ये तिथेच मुद्रण केलं. गाडी आली की काम थांबवायचे, त्यामुळे तिथे गाडी शोधत बसू नका. तेव्हा मुद्रण मेणाच्या तबकडीवर व्हायचं आणि तिच्यावर खाडाखोड नसते. खोकला आला तर नवं मेण, नाहीतर खोकल्यासकट छापा.

रॉबर्ट जॉन्सनही घ्या. डॅलस, १९३७, 'लव्ह इन व्हेन'चा एक टेक. गाणं संपतं आणि तो पुढच्या गाण्याबद्दल चार शब्द बोलतो. साधं बोलणं, गाण्यातला आवाज नव्हे. मला तर त्याच्या गाण्यांपेक्षा ते चार शब्द जास्त अंगावर आले.

रातकिडा
वाखू (वाचनखूण) साठवली! पण माझ्या सीडीवर पाय अगदी पुसट येतो. यूट्यूबवर दणदणीत होता.

सुई_अडकली
सीडी 'स्वच्छ' केलेली असणार. स्किप जेम्सची तबकडी काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीचा माल मुळात स्वस्त (मालक खुर्च्या बनवणारी कंपनी!), धातूचे साचेही बहुतेक गेले. आज ऐकतो ते झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं. खरखर काढायला गेलं की पाय आणि खोलीचा नादही जातो. खरखरीसकट असलेली प्रत शोधा. पहिली दोन मिनिटं वैताग येईल, मग कान सरावतो.

रातकिडा
सन हाउस लावला. गाडी सापडली! बायको विचारतेय, पाऊस पडतोय का बाहेर.