खडकीच्या आधीच

पेशवाई ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीच्या लढाईत बुडाली असं म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. माझ्या मते ती १८०२मध्येच गेली. त्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलं. दुसरे बाजीराव पेशवे पुणं सोडून गेले, ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या जोरावर ते परतले. गादी राहिली, पण तिची राखण परक्या पलटणीकडे गेली. त्यात महसूल गोळा करायचे मक्ते (ठेके) चढ्या बोलीनं विकले जाऊ लागले. मक्तेदार मिळेल तेवढं ओरबाडायचा आणि रयत नागवली जायची. (आपल्या पुण्यात सगळा दोष इंग्रजांना साथ देणाऱ्या बाळाजीपंत नातूंवर टाकतात, मला ते फार अपुरं वाटतं.) इंग्रजांचं राज्य आल्यावर त्यांचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं मात्र बरीच इनामं चालू ठेवली, १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळाही काढली.