कॉलची किल्ली सिमकडे असावी की बोलणाऱ्यांकडे?

तारायंत्र: माझं मत स्पष्ट आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलसाठी मोबाइलवाल्यांच्या एकेए पद्धतीला (ओळख पटवून कॉल गुप्त ठेवणाऱ्या किल्ल्या ठरवायची पद्धत) तोड नाही. सिममध्ये १२८ बिटांचं गुपित, तेच कंपनीच्या सर्व्हरवर. नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम त्यावरून उत्तर काढतं आणि नेटवर्क खरं की तोतया हेही तपासतं. (टूजीत ही तपासणी नव्हती, म्हणून खोट्या टॉवरांचं फावलं.) गुपित हवेत जातच नाही, तात्पुरत्या किल्ल्या दोन्हीकडे आपोआप तयार होतात. आईला यातलं काही करावं लागत नाही.

याउलट साधं सिप, म्हणजे इंटरनेट फोनवर कॉल जोडायची पद्धत: २००२च्या मानकात पासवर्ड तपासायला एमडी५ या कमकुवत सूत्रावरचा डायजेस्ट, त्यात आमच्या ऑफिसात आयपी फोनचा पासवर्ड म्हणजे एक्स्टेंशनचाच नंबर. कुणीतरी शिरून दोन रात्री परदेशी कॉल लावले. बिल बघून अकाउंट्सवाले गारच.

रातकिडा: असहमत. सिमने ओळख पटवली कुणाला? कंपनीला. पलीकडे कोण बोलतंय, त्याच्याशी तिचा संबंध नाही. व्होल्टीईत (फोरजीवरच्या कॉलमध्ये) हवेतलं कूटबंधन, म्हणजे एन्क्रिप्शन, टॉवरपर्यंतच, पुढे आवाज कंपनीच्या ताब्यात. हवेतही आनंदच: २०२०मध्ये जर्मनीतल्या रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की काही टॉवर लागोपाठच्या दोन कॉलना एकच कीस्ट्रीम (आवाज झाकणारी गुप्त आकड्यांची माळ) वापरतात. पहिला कॉल टिपायचा, तो संपताच त्याच माणसाला फोन करून गप्पांत गुंतवायचं. आपल्या कॉलमधला आवाज आपल्याला ठाऊक, त्यावरून ती माळ मिळते; जितका वेळ तो बोलत राहील, तितका आधीचा कॉल उलगडतो!

तारायंत्र: तो दोष टॉवरचा, एकेएचा नाही.

रातकिडा: ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? त्यापेक्षा कूटबंधनतज्ज्ञ फिल झिमरमन यांची झेडआरटीपी पद्धत बघा. किल्ली दोन फोन आपसात ठरवतात, पडद्यावर दोन शब्द येतात, ते एकमेकांना वाचून दाखवायचे. जुळले तर मध्ये कुणी नाही.

तारायंत्र: आणि ते वाचणार कोण? व्हॉट्सअॅपचा तशाच पडताळणीचा ६० आकडी कोड किती जणांनी पडताळलाय?

चहाबाज: मी! बायकोबरोबर, एकाच सोफ्यावर बसून.

उंबरठा: रातकिडा यांच्या बाजूने, पण पूर्ण नाही. ब्राउझरमधल्या कॉललाही डीटीएलएस या पद्धतीने किल्ली दोन टोकांतच ठरते, कॉल जोडणाऱ्या सर्व्हरला दिसत नाही. पण समोरच्याच्या प्रमाणपत्राचा (डिजिटल ओळखपत्राचा) ठसा त्याच सर्व्हरकडून येतो. त्यानेच ठसा बदलून स्वतःचा दिला तर? फुकट कॉल देणाऱ्यापेक्षा मला सिम कंपनी बरी वाटते. निदान तिच्यावर परवान्याची बंधनं असतात.

रातकिडा: त्याच परवान्यात सरकारला कॉल ऐकू देण्याची अटही असते.

चहाबाज: तारायंत्र, ऑफिसचे पासवर्ड बदलले का?

तारायंत्र: बदलले. आता एक्स्टेंशनच्या आधी कंपनीचं नाव आहे.