कॉलेजच्या वर्षांत कोणाकोणाच्या देवाच्या दारी गेलात?

मोगरा_गिरगाव
परवा लेकीच्या मार्कशीटच्या कामाला फोर्टला गेले होते. रांगेत उभी असताना राजाबाई टॉवरचे बाराचे टोले पडले आणि मी थेट १९९४ मध्ये जाऊन पोचले.

एम.ए. तत्त्वज्ञान. वर्ग कलिनाला, पण वाचायला आम्ही तिघी फोर्टच्या लायब्ररीत यायचो. माझ्या घरी रोज तिन्हीसांजेला हरिपाठ. दुसरी जैन, तिचा चोविहार असायचा, म्हणजे सूर्यास्तानंतर काही खायचं-प्यायचं नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत ओव्हलच्या कडेला बसून तिच्यासोबत आम्हीही डबे संपवायचो. ज्यांनी टॉवरसाठी पैसे दिले ते प्रेमचंद रायचंदही जैनच. १८७८ साली टॉवर पुरा झाला, नाव त्यांच्या आईचं. राजाबाईंना दिसत नव्हतं, टोल्यांवरून त्यांना सूर्यास्ताआधी जेवायची वेळ कळायची, असं सांगतात. मैत्रीण टोले ऐकून डबा उघडायची तेव्हा मला ते खरंच वाटायचं.

तिसरी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. मूळ अलिबागकडची, आडनावाच्या शेवटी कर. तिच्या आजीकडून 'शनिवार तेली' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. कोकणात घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम करत नसत, म्हणून ते नाव. सिमहात तोरा या त्यांच्या सणाच्या संध्याकाळी ती आम्हाला मांडवीतल्या जुन्या सिनेगॉगमध्ये घेऊन गेली. १७९६ चं आहे ते, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. दाराच्या चौकटीला बोटं लावून तिने ती ओठांना टेकवली. मीही तसंच केलं आणि मग घाबरले, चाललं का आपण केलेलं? आजी म्हणाली, "केलंस ना मनापासून? मग झालं."

वर सज्जात बायका होत्या. प्रार्थना हिब्रूत, मला अक्षर कळत नव्हतं. पण मधेच शेजारची बाई दुसरीला म्हणाली, "अगो, पदर सावर, मेणबत्ती आहे." तेवढ्या एका वाक्याने मी आमच्या देवळात आल्यासारखी निवांत बसले.

तुमचं लिहा ना. कॉलेजच्या वयात, कोणाच्या सोबतीने, कुठे जाऊन बसलात?

पश्चिमरेल्वे_स्लो
माहीमचं चर्च, बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवारांची प्रार्थना. टीवायला नऊ बुधवार सलग गेलो. मित्र कॅथलिक, वसईचा, घरी मराठीच बोलायचे. तिथे मराठीतूनही असतो हे त्याच्यामुळे कळलं. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं मिळतात, ज्याची अडचण असेल ते वाहायचं. मी मेणाचं घर घेतलं होतं, तेव्हा आम्ही चाळीतून निघणार होतो आणि बाबांची झोप उडाली होती. बाकी रात्री लिहितो, अंधेरी आलं.

आजीचीवही
मोगरा, किती सुंदर लिहिलंस. त्यांच्याकडे मलिदा करतात ना? पोह्यांचा? लहानपणी शेजारी खाल्लाय. कृती मिळेल का?

मोगरा_गिरगाव
हो गं! एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. प्रमाण मैत्रिणीला विचारून सांगते. ती आता इस्रायलमध्ये, अश्दोदला असते.

माहीमचा_पोरगा
आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठी. माझं उलटं. मी माझ्या दर्ग्यात लहानपणापासून जातोच, मखदूम अली माहिमींच्या. उरुसात पहिला मान पोलिसांचा, त्यांचं संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, वाजतगाजत येतं. पण गणपतीच्या घरात आत जाऊन बसलो ते रुईयाला असताना. मित्राच्या आईने टाळ हातात दिले. आरती मला ऐकून ऐकून पाठ होती, ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणत गेलो. "दर्शनमात्रे"ला काकूंनी वळून बघितलं आणि नुसत्या हसल्या. प्रसादाची वाटी मला पहिली दिली. त्या गेल्या मागच्या वर्षी. मयताला मी होतो.

पश्चिमरेल्वे_स्लो
❤️ भावा

सुखड
माझी मैत्रीण पारशी. अग्यारीत, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरात, बिगर-पारशाला जाता येत नाही, त्यामुळे मी कधीच आत गेले नाही. ती आत जायची, मी बाहेर बाकावर. पंधरावीस मिनिटं. आधी पुस्तक काढायचे, मग ते सोडलं. आतून सुखडाचा, म्हणजे चंदनाचा, वास यायचा. ती बाहेर आली की तिच्या कपड्यांना पण तोच वास, आणि ती लगेच बोलायची नाही. तीन वर्षं त्या बाकावर बसले. कोणी विचारलं की सगळ्यात शांत कुठे वाटलं, तर मी तो बाक सांगते, आणि लोकांना कळत नाही. आत न जाताही जाणं होतं, मला तरी झालं.

कान्हेरी_रविवार
सुखड, तुमचं वाचून लिहावंसंच वाटलं. पाली भाषेचा अभ्यास करताना आम्हाला कान्हेरीला नेलं होतं. शंभरावर लेणी, पाण्याची टाकी अजून भरतात. ९० नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी बौद्ध लेणी बघायला आली आणि आपली नावं कोरून गेली! हजार वर्षांपूर्वी! आमच्यातल्या एका पारशी मुलाने ती अक्षरं बघितली आणि तो बराच वेळ तिथून हललाच नाही. आम्ही बाकीचे पुढे गेलो होतो, सर म्हणाले राहू द्या त्याला.

आजीचीवही
पावसाळ्यात जातात का कान्हेरीला? मुलांना न्यायचंय.

कान्हेरी_रविवार
जातात, पण पायऱ्या निसरड्या होतात. सोमवारी बंद असतं.

दादर_पूर्व
सिद्धार्थ कॉलेज, १९९८. बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेलं. मी तिथला ब्राह्मण मुलगा, मुंज झालेली. मित्र म्हणाला सहा डिसेंबरला पाणी वाटायला ये. शिवाजी पार्कवर आमचा स्टॉल होता. विदर्भातून आलेली एक आजी, पिशवीत भाकरी, हातात नुकतंच घेतलेलं पुस्तक. म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा हायेत का यात, वाचून दाव." तिला वाचता येत नव्हतं. मी उघडलं. पहिलीच प्रतिज्ञा, ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. शर्टाखाली जानवं होतं माझ्या. आवाज अडकला. ती माझ्या पुढे जाऊन म्हणत होती, सगळ्या पाठ होत्या. तिला फक्त पुस्तकात नीट छापल्यात ना, एवढंच बघायचं होतं. बावीसही वाचल्या. घरी कोणाला सांगितलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा आजोबांना विचारलं की आपल्या गावची विहीर कोणाकोणाला बंद होती. त्यांनी सांगितलं. खाली बघून सांगितलं.

मोगरा_गिरगाव
दादर_पूर्व, दोनदा वाचलं. इथे लिहिलंत, आभार.

होस्टेल_पवई
मी लहान आहे तुमच्यात, २०२३ चा पासआउट. रूममेट रमझानला पहाटे सहरीसाठी उठायचा. अलार्म वाजला की माझी झोप मोडेल म्हणून तो फोन उशीखाली ठेवायचा आणि स्वतःच झोपून जायचा. मग मीच अलार्म लावायला लागलो. तो खजूर खायचा, मी मॅगी. एंडसेम त्याच महिन्यात. तो नमाजला उभा राहिला की मी पंखा एकवर करायचो, मुसल्ल्याचं टोक उडायचं म्हणून. धर्माबद्दल आम्ही फारसं बोललोच नाही. दोन वर्षं झाली, रमझानला अजून जाग येते त्या वेळेला.

चार्वाक_ठाणे
मी नास्तिक, कॉलेजातच झालो. तरी विपश्यनेला गेलो होतो इगतपुरीला, एका सरांच्या आग्रहाने. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस फक्त श्वास. संध्याकाळी चहा आणि फळं. देव मागत नाहीत, हे आवडलं. सातव्या दिवशी आईची आठवण येऊन खूप रडलो, ती गेल्यावर तोवर रडलोच नव्हतो. नास्तिक अजून आहे. पण आता कोणी देवळात रडताना दिसलं तर त्याला काही समजवायला जात नाही.

सुखड
🙏

पश्चिमरेल्वे_स्लो
आलो. तर ते मेणाचं घर. नववा बुधवार झाला, खोली काही मिळाली नाही, पुढे दीड वर्षाने मिळाली, नालासोपाऱ्याला. पण त्या नऊ बुधवारी बाबा माझ्यासोबत यायला लागले होते. तिसऱ्या वेळेपासून. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मनात रामरक्षा म्हणायचे, नंतर एकदा मला सांगितलं. परत येताना बोलायचे माझ्याशी, घरात बोलत नसत.

आजीचीवही
मलिद्याचं काय झालं गं मोगरा?

मोगरा_गिरगाव
बोलणं झालं! ती म्हणते पोहे भिजत घालू नकोस, धुऊन निथळत ठेव, नाहीतर गिच्च गोळा होतो. अर्ध्या किलोला एक मोठा नारळ, साखर बेताने, काजू-बेदाणे हवे तेवढे. तिची आजी २००३ ला गेली, तिकडेच. मला माहीतच नव्हतं.

तिने विचारलं, टोले अजून पडतात का गं? उद्या जाऊन फोनवर रेकॉर्ड करून पाठवणार आहे, बाराचे. जैन मैत्रिणीलाही विचारलंय, सुट्टी घेते म्हणाली.