नॅसकारचे पिट नियम कार्टिंगला कितपत लावायचे?

कार्टप्रेमी_कोल्हापूर
कोल्हापुरात दोन तासांच्या टीम कार्ट (छोट्या उघड्या रेसिंग गाड्या) रेसचे नियम लिहायला घेतलेत. ड्रायव्हर बदल आणि पेट्रोल भरणं पिटमध्येच, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात. नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतीत, पिट रोडवर (थांब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर) जास्त वेग पकडतात कसा? आणि हॅन्स (धडकेत डोकं-मान आवरणारी कॉलर) सक्तीचं करावं का?

उद्यमनगर
भावा, तिथं रडार नाही. पिट रोडवर ठरावीक अंतरांवर टायमिंग लाइन असतात. दोन लाइनमधलं अंतर भागिले लागलेला वेळ, हा त्या टप्प्याचा सरासरी वेग. मार्टिन्सव्हिल ट्रॅकला मर्यादा ताशी 30 मैल, डेटोना ट्रॅकला 55. वर 5 मैलांची सूट. हिरव्या झेंड्यात (शर्यत चालू असताना) पकडला गेला तर पिट रोडवरून न थांबता पुन्हा एकदा जायचं, कॉशनमध्ये (पिवळ्या झेंड्यात, गाड्या हळू चालताना) रांगेच्या शेवटी.

यात एक पळवाट आहे. ज्या टप्प्यात गाडीचा बॉक्स (थांबायची आखलेली जागा), तिथं थांबलेला वेळही सरासरीत धरला जातो, मग त्या टप्प्यात बाहेर पडताना कितीही जोरात सुटा. तुम्ही मोजायचा पट्टा बॉक्सच्या अलीकडंच संपवा. 40 मीटर आणि ताशी 20 किमी धरलं तर 7.2 सेकंद. स्टॉपवॉच हातानं दाबणार, म्हणून 7 च्या आत आला तरच दंड. पट्टा छोटा केलात तर बोटाची चूकच निकाल ठरवेल.

शिरोली_फॅब्रिकेटर
हॅन्स सक्तीचं करू नका. ड्रायव्हर डेल अर्नहार्टच्या मृत्यूनंतर 2001 मध्येच नॅसकारनं डोकं-मान आवरणारं साधन सक्तीचं केलं, ते बरोबरच होतं. पण हॅन्सची कॉलर खांद्याच्या बेल्टखाली दाबून धरली तरच हेल्मेटच्या पट्ट्या डोकं पुढं जाऊ देत नाहीत. कार्टला बेल्टच नसतो, मग कॉलर धरणार कोण? तुमच्याकडं फुल-फेस हेल्मेट, नेक कॉलर आणि बरगड्यांचं रिब प्रोटेक्टर हवं. लांब केस, ओढणी, जॅकेटची दोरी आत खोचल्याशिवाय सोडूच नका. मागचा ॲक्सल उघडा फिरतो.

उद्यमनगर
पेट्रोलबद्दल कडक राहा. नॅसकारमध्ये फ्युएलर (पेट्रोल भरणारा) आगरोधक सूट आणि हेल्मेट घालूनच पिटची भिंत ओलांडून गाडीकडं जातो. कार्टची टाकी बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या पायांमध्ये असते आणि सायलेन्सर तापलेला. म्हणून क्रम असा: इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, पावडरचा एक्स्टिंग्विशर पिन काढून हातात घेतलेला माणूस शेजारी, मगच झाकण उघडायचं. सांडलं तर पुसून कोरडं होईपर्यंत स्टार्ट नाही. ड्रायव्हर बदल त्याच वेळी करू देऊ नका.

कार्टप्रेमी_कोल्हापूर
मग घाई कशी रोखायची?

शिरोली_फॅब्रिकेटर
पिटमध्ये शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत किमान 3 मिनिटं ठरवा. आधी बाहेर पडला तर जितके सेकंद वाचवले त्याच्या दुप्पट थांबवा. नॅसकारमध्ये पिटचा प्रत्येक सेकंद शर्यतीचाच असतो, कारण तिथली माणसं त्याच कामासाठी तयार केलेली असतात. तुमच्याकडं कॅन धरणारा बहुधा एखाद्याचा मित्र असेल.